खोकडासाठी पेरलेली जाळी

इंग्लंडमधल्या लेस्टरशरच्या नकाशावर कुरणांच्या मधोमध झाडीचे लहान तुकडे दिसतात. कितीतरी तुकड्यांशेजारी ‘फॉक्स कव्हर्ट’ (खोकडाची जाळी) किंवा नुसतंच ‘गॉर्स’ असं छापलेलं असतं. यांतल्या बऱ्याच जाळ्या मुद्दाम लावलेल्या आहेत. शिकारीला खोकड मिळावं, एवढ्याचसाठी.

सतराव्या शतकापर्यंत तिथली मानाची शिकार हरणाची. खोकड म्हणजे कोंबड्या-कोकरांचा चोर, दिसेल तिथे मारायचं. जंगलं आणि हरणं घटली तशी उमरावांची नजर त्याच्याकडे वळली. लेस्टरशरमधल्याच क्वॉर्न्डनच्या ह्यूगो मेनेलनं १७५३ पासून जवळजवळ अर्धं शतक वेगवान हाउंड कुत्र्यांची पैदास केली आणि भरधाव घोडदौड हाच शिकारीचा प्राण झाला. त्याच सुमारास संसदेच्या कायद्यांनी सामाईक शेतांना कुंपणं पडली, नांगरटीच्या जागी गवत आलं. दौडीला हे रान उत्तम. पण खोकडानं दिवसा अंग टाकायचं कुठे?

खोकडाचं पोट कुठेही भरतं. उंदीर, ससे, गांडुळं, गळलेली फळं, काहीही चालतं. झोपायला मात्र कोरडी, वाऱ्यापासून आडोशाची, निवांत जागा लागते. गॉर्स हे काट्यांनी गच्च, सदाहरित, पिवळ्या फुलांचं झुडूप त्यासाठी नेमकं. त्याचं बी पेरून काही एकरांच्या जाळ्या वाढवल्या. जुनं गॉर्स बुडाशी विरळ होतं, वारा आत शिरतो, खोकड जागा सोडतं. म्हणून एकेक पट्टा आळीपाळीनं तोडायचा किंवा जाळायचा, की बुडातून नवे धुमारे फुटतात. शिकारीच्या आदल्या रात्री, खोकड भक्ष्य शोधायला बाहेर पडलं की बिळांची तोंडं बुजवली जात. मग सकाळी ते जाळीतच सापडे. तरीही खोकडं कमी पडली, तेव्हा एकोणिसाव्या शतकात लंडनच्या लेडनहॉल बाजारातून परदेशी खोकडं विकत आणून सोडली गेली.

२००४ च्या कायद्यानं फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांकरवी होणारी ही शिकार बंद झाली. ते योग्यच झालं. पण गॉर्स बंदीनं तरुण राहत नाही. त्यात पक्षीही घरटी करतात, आणि तोडणी थांबली की जाळी सर्वांनाच निरुपयोगी होते. शिकाऱ्यांनी स्वार्थासाठी पाळलेली ती तोडणीची शिस्त आता जमीनमालकांनी आणि निसर्गप्रेमींनी खोकडासाठी पाळायला हवी.