कॅरोलिना थिएटरचा वेगळा जिना

जुनी इमारत वाचवली की इतिहास वाचला, असे समजणारे पुष्कळ आहेत. आम्हाला ते मान्य नाही. त्या इमारतीत कोण कुठल्या दाराने शिरत होते, हे सांगितल्याशिवाय तिचा इतिहास पुरा होत नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या डरहॅम शहराचे कॅरोलिना थिएटर पाहा.

हे थिएटर १९२६ साली ‘डरहॅम ऑडिटोरियम’ या नावाने उघडले. वास्तू देखणी आणि मालकी शहराची. पुढे तिथे सिनेमा स्थिरावला. कृष्णवर्णीयांना प्रवेश होता. पण तिकीट खिडकी वेगळी, दार वेगळे, जिना वेगळा आणि जागा अगदी वरच्या बाल्कनीत. डरहॅमचा कृष्णवर्णीय समाज काही कंगाल नव्हता. १८९८ साली स्थापन झालेली नॉर्थ कॅरोलिना म्युच्युअल ही मोठी विमा कंपनी त्यांचीच. तिच्या पॅरिश स्ट्रीटला ‘ब्लॅक वॉल स्ट्रीट’ म्हणत. पैसा होता, शिक्षण होते, तरी जिना वेगळाच! आर्थिक प्रगती झाली की जात आपोआप जाईल, असे आपल्याला ऐकवणाऱ्यांना डरहॅमने केव्हाच उत्तर देऊन ठेवले आहे.

१९५७ मध्ये याच शहरात रॉयल आइस्क्रीम पार्लरमध्ये गोऱ्यांसाठी राखलेल्या जागेवर बसल्याबद्दल सात जणांना अटक झाली. १९६२ मध्ये थिएटरसमोर रांगा लागल्या. खिडकीशी जाऊन तिकीट मागायचे, नकार मिळाला की रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभे राहायचे. रांग संपतच नव्हती. अखेर १९६३ मध्ये थिएटर सर्वांना समान खुले झाले. देशाचा नागरी हक्क कायदा आला १९६४ साली. रांग आधी लागली, कायदा मागून आला.

आपल्याला महाड आठवल्याशिवाय राहत नाही. चवदार तळे नगरपालिकेचेच होते. १९२४ मध्ये ते खुले करण्याचा ठरावही झाला होता. तरीही पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तिथे जावे लागले. ‘सार्वजनिक’ हा शब्द कागदावर असतो. तो खरा करावा लागतो.

१९७०च्या दशकात शहराचा मध्यभाग ओस पडला आणि थिएटरवर पाडापाडीचे संकट आले. नागरिकांनी पुढे होऊन ते वाचवले आणि तिथे स्वतंत्र, कलात्मक चित्रपट दाखवू लागले. आज फुल फ्रेम माहितीपट महोत्सवाचे नाव याच थिएटरशी जोडलेले आहे. वर्णभेदाचा आणि लढ्याचा इतिहासही तिथे प्रदर्शनातून मांडला आहे, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. पण त्याच शहरातली हेटाय ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती मात्र ‘शहर नूतनीकरणा’त आणि महामार्गाखाली गेली. वारसा म्हणून काय जपायचे आणि बुलडोझर कुठे फिरवायचा, हे ठरवणारे कोण असतात?

म्हणून मित्रांनो, आपल्या शहरातल्या जुन्या थिएटरांचे, वाड्यांचे, सभागृहांचे गोडवे ऐकताना एक प्रश्न जरूर विचारा: आपली माणसे इथे कुठे बसत होती? उत्तर देणारी म्हातारी माणसे अजून आहेत. त्यांच्याकडून ते आजच लिहून घ्या.