फायरप्लेसचा ब्लोअर आवाज का करतो?

अमेरिका आणि कॅनडातल्या अनेक जुन्या घरांत भिंतीत विटांची शेकोटी असते. दिसायला छान, पण तिची बरीचशी ऊब धुराड्यातून वर निघून जाते. म्हणून त्या पोकळीत लोखंडी पेटीसारखी बंदिस्त शेगडी बसवतात. तिला ‘फायरप्लेस इन्सर्ट’ म्हणतात. पेटीभोवतीची हवा तापते आणि छोटा ब्लोअर ती खोलीत ढकलतो. उन्हाळाभर बंद राहिलेला हा ब्लोअर थंडीत पहिल्यांदा सुरू झाला, की अनेकदा आवाज करतो. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा अनुभव नवा नसेल.

आधी एक गैरसमज. शेगडी पेटवल्यावर ब्लोअर लगेच सुरू होत नाही, हा बिघाड नव्हे. पेटी पुरेशी तापल्यावरच उष्णतेवर चालणारा स्विच त्याला वीज देतो.

आवाज कसा आहे, यावरून दोष बराचसा कळतो. थरथर किंवा खडखड होत असेल तर बहुधा पंख्यावर धूळ, राख आणि पाळीव प्राण्यांचे केस साचलेले असतात. हा पंखा आपल्याकडच्या किचन चिमणीतल्यासारखा, पिंजऱ्याच्या आकाराचा असतो. एका बाजूला थोडा जास्त केर साचला तरी त्याचा तोल जातो. सैल स्क्रू किंवा कडक झालेले रबर वॉशर यांमुळेही अशीच खडखड होते. पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा आवाज आला, तर पंखा शाफ्टवरून सरकून कवचाला लागत असतो. बारीक किंचाळी म्हणजे कोरडे पडलेले बेअरिंग.

कमी वेगावर फक्त गुणगुण येत असेल, तर वेग पूर्ण वाढवून पाहावा. गुणगुण थांबली, तर संशय मोटरपेक्षा वेगनियंत्रकावर घ्यावा. त्या जागी दिव्याचा साधा डिमर बसवणे चुकीचे आहे, मोटर त्याने तापू शकते.

उघडण्यापूर्वी शेगडी पूर्ण थंड होऊ द्यावी आणि प्लग काढावा. वायर थेट जोडलेली असेल तर ब्रेकर बंद करून टेस्टरने खात्री करावी. राखेत निखारे कित्येक तास, कधी काही दिवसही धगधगत राहतात. त्यामुळे ती घरातल्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नये, झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून घराबाहेर ठेवावी. गॅसच्या इन्सर्टमध्ये ब्लोअर काढताना गॅसचे भाग सोडवावे लागत असतील, तर काम परवानाधारक तंत्रज्ञाकडेच द्यावे. तिथली किरकोळ गळतीही जिवावर बेतू शकते.

सफाईला जुना टूथब्रश पुरतो. पात्यांवर एखादी छोटी धातूची क्लिप दिसली तर ती कचरा समजून काढू नये. पंख्याचा तोल साधण्यासाठी कारखान्यातच लावलेले ते वजन असते. मोटरला पाणी लागू देऊ नये.

मग पंखा हाताने फिरवावा. जड फिरत असेल आणि मोटरला तेलाचे भोक असेल, तर मोटरसाठीच्या हलक्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडावेत. स्वयंपाकाचे तेल उष्णतेने चिकट होते आणि गंज सोडवणारा स्प्रे थोड्याच दिवसांत उडून जातो, म्हणून दोन्ही टाळावेत. सीलबंद बॉल बेअरिंगला बाहेरून तेल घालून उपयोग नाही.

शाफ्ट आडवा हलत असेल किंवा जळका वास येत असेल, तर मोटर बदलण्याच्या अवस्थेत आली आहे. नवी घेताना व्होल्टेज, अँपिअर, फिरण्याची दिशा आणि शाफ्टची जाडी जुळवावी. भारतातून स्वस्तात मोटर नेण्याचा विचार मात्र सोडून द्यावा: आपली 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची असते आणि तिकडच्या घरातला पुरवठा 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचा. नवी मोटर येईपर्यंत ब्लोअरशिवाय शेगडी पेटवता येते का, ते त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत पाहावे.