१ मे १९६२ : रत्नागिरी जिल्हा परिषद अस्तित्वात
जिल्हा लोकल बोर्डे जाऊन राज्यात जिल्हा परिषदा आल्या, त्या १९६२च्या महाराष्ट्रदिनी. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा मंडणगडपासून सावंतवाडीपर्यंत पसरलेला. तळकोकणातल्या सदस्याला सभेसाठी थेट रत्नागिरी गाठावी लागे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाला. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत मतदार एकाच वेळी दोन मते देतो : एक जिल्हा परिषदेच्या गटासाठी, दुसरे पंचायत समितीच्या गणासाठी, एका गटात दोन गण. २०१७ मध्ये ५५ पैकी ३९ गट शिवसेनेने जिंकले. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, कारभार प्रशासकाकडे गेला. वाडीच्या साकवासाठी, शाळेच्या गळक्या छपरासाठी हक्काने ज्याचे दार ठोठावावे असा आपल्या गटाचा सदस्यच नसणे, ही ग्रामीण रत्नागिरीची मोठीच अडचण झाली.