ओढायला हलकी, थांबवायला जड

गाडी ओढणाऱ्या आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली नियम केले. त्यातले वजनाचे कोष्टक मोठे बोलके आहे. बैल तोच, पण चाक बदलले की त्याने किती ओढावे याची मर्यादा बदलते. दोनशे ते साडेतीनशे किलो वजनाच्या मध्यम बैलाला दुचाकी गाडीसाठी हवेचे टायर नसतील तर ७०० किलो, टायर असतील तर १,०५० आणि बॉल बेअरिंग असेल तर १,४००. जोडी असेल तर आकडे दुप्पट, आणि गाडीचे स्वतःचे वजन त्यातच धरायचे. म्हणजे चाक सुधारले, त्याचा लाभ कायद्यानेच मालाच्या खात्यावर जमा केला. बैलाच्या खात्यावर फारसे काही आले नाही. महाराष्ट्रातल्या ऊसवाहतुकीचा इतिहास पाहिला तर हा व्यवहार पुन्हापुन्हा झालेला दिसतो, आणि दर वेळी एकच बाजू हिशेबाबाहेर राहिलेली दिसते. ओढणे जितके सोपे झाले, तितकेच थांबवणे अवघड झाले.

जुन्या लाकडी चाकाला हा प्रश्न फारसा पडत नसे. सुताराने तुंब्यात आरे बसवायचे, लोहाराने तापवून लाल केलेली लोखंडी धाव वर चढवायची आणि पाणी ओतून ती आवळायची. हे चाक कण्यावर घासत, करकरत फिरे. वंगण घातले तरी गाडी जडच. पण हाच जडपणा उतारावर कामी येई. घाट उतरताना चाकाला लाकूड अडवले, मुक्कामी दगडाची उटी लावली की भागत असे. तक्रार होती ती रस्त्याची. दोन-अडीच इंच रुंदीच्या धावेवर सगळा भार एकवटला की खडीचा रस्ता चिरडून निघे आणि त्यावर चाकोऱ्या पडत. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्ते विकास समिती नेमली गेली आणि १९२९ पासून पेट्रोलवरच्या जादा करातून रस्त्यांसाठी निधी उभा राहू लागला. पैसा मोटारवाल्याचा आणि रस्ता उखडणारी बैलगाडी, असे हे भांडण. लोखंडी धाव जावी असे सर्वांत आधी वाटले ते बहुधा रस्त्याच्या इंजिनियरांना. बैलाची कणव त्यात नंतर मिसळली.

जॉन बॉइड डनलॉप याने हवेचा टायर १८८८ साली बेलफास्टला सायकलसाठी बनवला. त्याच्या नावाच्या कंपनीचा कारखाना १९३६ मध्ये बंगालात हुगळीकाठी साहागंजला सुरू झाला. उत्तरेत काही भागांत टायरच्या गाडीलाच लोक ‘डनलप’ म्हणू लागले. आपल्याकडे ती टायरगाडी झाली, आणि तिला खरे काम दिले ते सहकारी साखर कारखान्यांनी. खाजगी कारखान्यांचे स्वतःचे विस्तीर्ण मळे होते. वालचंदनगरसारख्या ठिकाणी ऊस अरुंद रुळांवरच्या डब्यांतून येई. प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले, तेव्हा ऊस कुणा एकाच्या मळ्यातला नव्हता, शेकडो सभासदांच्या वावरांतला होता. तिथे रूळ कुठवर टाकणार? कारखान्यांनी टायरगाड्या बाळगल्या, त्या तोडणी कामगारांना दिल्या, आणि मुकादमाच्या हिशेबात ‘टायर सेंटर’ हा शब्दच रूढ झाला. मोळ्या रचून, दोराने आवळून दोन-अडीच टनांची खेप काट्यावर आणणे नित्याचे झाले. मध्यम जोडीची टायरवरची मर्यादा गाडीच्या वजनासकट २,१०० किलो. तेव्हा भरलेली गाडी नियमात बसते की नाही, हे वेगळे सांगायला नको.

उताराचा ढोबळ हिशेब मांडून पाहू. वीस फुटांना एक फूट उतार आणि गाडीसकट वजन दोन टन. अशा उतारावर गाडी साधारण १०० किलोच्या जोराने खाली ओढली जाते. कच्च्या वाटेवरचे लाकडी चाक जवळजवळ तेवढाच अडथळा स्वतःच करते. गाडी जागच्या जागी रेंगाळते, बैल तिला चालवतात. डांबरी रस्त्यावर बेअरिंगवर फिरणारा, हवा नीट भरलेला टायर जेमतेम तीस-चाळीस किलोंचा अडथळा करतो. उरलेले साठ-सत्तर किलो बैलांनी मागे रेटून धरायचे. घोड्याच्या साजात त्यासाठी मागच्या पायांवरून पट्टा असतो. आपल्या जुवात तशी काही सोय नाही. धुरी पुढे सरकते, जू मानेवरून शिंगांकडे चढते आणि जनावर डोके वर करून, पुढचे पाय ताठ रोवून गाडी तोलते. १९६५ च्या नियमांना चढ मात्र दिसला होता. तीस मीटरला तीन मीटरहून अधिक चढ सलग किलोमीटरभर असेल तर भार निम्मा करावा, असे ते सांगतात. उताराचा उल्लेख त्या कलमात नाही. कायदा करणाऱ्यांनीही गाडीकडे ओढायची वस्तू म्हणूनच पाहिले.

यावर कोणी म्हणेल, टायर नसता तर बैलाचे हाल अधिकच झाले असते. टनामागे हिशेब केला तर हे खरे आहे. पण बैल टनामागे थकत नाही, खेपेमागे थकतो, आणि खेप वाढली. दुसरा आक्षेप असा की हा गाडीवानाचा हावरटपणा आहे, चाकाचा त्यात काय दोष? हे मला मान्य नाही. तोडणी आणि वाहतूक यांचा मोबदला टनावर मिळतो आणि हंगामाच्या आधी घेतलेली उचल त्यातूनच फिटते. अशा माणसाने दोन टनांवर थांबावे असे म्हणणे सोपे आहे. चाक अडीच टन निमूट वाहते, तेव्हा अर्धा टन सोडून देणे त्याला न परवडणारी चैन असते. लाकडी चाक करकरून, रुतून नकार देई. टायर तसा नकार देत नाही. तो एकदम फुटतो.

टायरची क्षमता हा प्रकारही नीट समजून घेतला पाहिजे. जुन्या टायरच्या कडेवर ‘पीआर’ असे लिहिलेले असे. आत सुती धाग्यांचे थर किती, हे त्यावरून कळे. नायलॉन आले आणि थर कमी झाले, पण आकडा ताकदीची खूण म्हणून राहिला. हल्ली मोटारीच्या टायरवर ‘९१’ असा भारांक दिसतो, त्याचा अर्थ एका टायरवर ६१५ किलो. पण हे वचन ठरावीक हवा भरली असेल तरच लागू. भार रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. टायर ही त्या हवेची पिशवी. ट्रकवरून उतरलेला गुळगुळीत टायर ऊसगाडीला बसवला की कडेवरचा आकडा फक्त जुन्या टायरचा इतिहास सांगतो. त्यात टायरचा वेग आणि भार एकमेकांशी बांधलेले असतात. बैलाच्या चालीने जे खपले, ते ट्रॅक्टरमागे खपेलच असे नाही.

आणि ट्रॅक्टर आलाच. कोल्हापूर-सांगलीकडे एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या हे हंगामातले रोजचे दृश्य. इंजिनाला ओढताना काही वाटत नाही. गाडी उलार होऊन धुरी वर उचलली जाऊ नये म्हणून बैलगाडीवाला पुढे थोडा भार ठेवी, कारण उलार गाडी बैलांच्या मानेला हिसके देते. मोटारीमागे ट्रेलर लावणाऱ्यांना आज हेच सांगतात, की ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग पुढच्या जोडावर यावा, नाहीतर तो वेगात डुलू लागतो. गाडीवानाचे हे शहाणपण दोन ट्रॉल्यांच्या जमान्यात मागे पडले. चढावर मागून जड भार खेचताना ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात, कधी उचलली जातात, आणि सुकाणू हातात असून निरुपयोगी ठरते. उतारावर उलटे. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर तिचे सगळे वजन ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांच्या ब्रेकवर येते. मागची ट्रॉली पुढचीला ढकलते, पुढची ट्रॅक्टरला, आणि वळणावर तिघे तीन दिशांना तोंड करतात. कारखान्याच्या काट्यावर मात्र ट्रॉलीत किती ऊस आला एवढेच मोजले जाते, आणि पावती हातात पडली की ड्रायव्हर गव्हाणीच्या रांगेत लागतो.