गावचे मेस्त्री

या स्मरणिकेत मंदिराच्या जीर्णोद्धारास साहाय्य करणाऱ्या दानशूर देणगीदारांची नामावली दिलेली आहे. त्या नामावलीत ज्यांचे नाव नाही, परंतु ज्यांच्या हातचे काम सभामंडपात उभे आहे, अशा एका वृद्ध कारागिराचे स्मरण येथे करणे उचित होय. गावात लहानथोर सर्वजण त्यांना ‘मेस्त्री’ याच नावाने ओळखत.

देवगड तालुक्याच्या किनाऱ्यावर होडीबांधणीचा धंदा फार जुना आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यात जळून गेले. पुढे पेशव्यांच्या आरमाराचे सुभेदार आनंदराव धुळप यांनी सुमारे १७५९ साली गिर्ये येथे खाडीकाठचा खडक फोडून गोदी बांधविली. तिची लांबी सुमारे ३५५ फूट आहे. भरतीच्या पाण्याबरोबर गलबत आत घ्यावयाचे आणि पाणी ओसरले की डागडुजी करावयाची, अशी ती सोय. धुळपांचे नाव इतिहासात राहिले, ते योग्यच आहे. परंतु तो खडक फोडणाऱ्या पाथरवटांची आणि गलबतांच्या फळ्या सांधणाऱ्या सुतारांची नावे आज कोणाच्याही ओठी नाहीत. आपले मेस्त्री त्याच हातांच्या परंपरेतले.

मेस्त्रींनी कागदावर नकाशा कधी काढला नाही. सूत, वाकस, पटाशी, रंधा आणि गिरमिट एवढ्या हत्यारांवर त्यांनी होड्या उभ्या केल्या. पठाण घालून नाळ उभी केली की बाकीची होडी त्यांच्या डोळ्यांपुढे तयार असे. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून वर राळ भरावयाची, बाहेरून माशाचे तेल चोळावयाचे, ही कामे ते दुसऱ्यावर सोपवीत नसत. “फळी खोटी बसली तर बुडणारो मी न्हय, दुसरोच,” असे ते म्हणत. नवी होडी पाण्यात लोटताना नारळ फोडण्याचा मान मालकाचा असे. मेस्त्री मात्र गुडघाभर पाण्यात उभे राहून पाणी कोठे झिरपते का, एवढेच पाहत.

त्यांच्या तरुणपणी कौले, मीठ, नारळ आणि काथ्या वाहणारी शिडाची गलबते खाडीत येत. पुढे रस्ते झाले आणि तो व्यापार मोटारींकडे गेला. मच्छीमारीत यंत्रे आली. लहान मच्छीमार आणि ट्रॉलर यांच्यातील तंटे वाढल्यावर १९८१ साली सागरी मासेमारीचा कायदाही झाला. त्यानंतर फायबरच्या होड्या आल्या आणि लाकडी होडीला गिऱ्हाईक राहिले नाही. दोन्ही मुलांना मेस्त्रींनी स्वतःच मुंबईस नोकरीला पाठविले. वाकस घासून, तेल लावून पेटीत ठेवला आणि ते घरी बसले. दुपारी किनाऱ्यावर येऊन ते फायबरच्या होडीवर बोटाने टिचकी मारून पाहत व काही न बोलता परत जात.

जीर्णोद्धाराचे ठरले तेव्हा सभामंडपाचे जुने लाकडी खांब काढून सिमेंटचे घालावेत, असे बहुतेकांचे मत होते. खर्चाचा अंदाजही तसाच झाला होता. मेस्त्री काठी टेकीत देवळात आले, प्रत्येक खांब बोटांनी वाजवून पाहिला आणि म्हणाले, “खांब बुडाक कुसलो, माथ्याक न्हय.” पावसाळ्यातील ओलीने खांबांची बुडे गेली होती, वरचे लाकूड निरोगी होते. बुडे कापून, होडीचे लाकूड सांधतात तसा तिरपा सांधा देऊन नवे लाकूड जोडावे, असे त्यांनी सुचविले. काहींना ते पटले नाही. बैठकीत बरीच बोलाचाली झाली. अखेर एका खांबावर काम करून पाहावे, असे ठरले.

त्या वेळी मेस्त्रींच्या हातांस कंप होता. म्हणून त्यांनी रेघ मारावयाची आणि वाडीतील दोन तरुणांनी वाकस चालवावयाचा, असे काम झाले. सांधा बसल्यावर त्यात पोस्टकार्डही शिरत नव्हते. मग सर्वच खांब राहिले.

मजुरी त्यांनी घेतली नाही. फरशीवर नाव कोरण्याची गोष्ट निघाली तेव्हा ते म्हणाले, “दगडार नाव कित्याक? देवाक ठावक आसा, ताच पुरे.” त्यांच्या इच्छेस मान देऊन येथेही त्यांचे नाव छापलेले नाही. कलशारोहण पाहण्यास ते राहिले नाहीत. त्यांची हत्यारांची पेटी मुलांनी त्या दोन तरुणांपैकी एकाच्या हाती दिली आहे.

दर्शनास येणाऱ्या भाविकांनी सभामंडपातील खांबांच्या बुडाशी क्षणभर वाकून पाहावे. जुने लाकूड आणि नवे लाकूड जेथे भेटते, तेथे एक तिरपी बारीक रेघ दिसेल. गावच्या मेस्त्रींची सही तीच.