१२० चा ॲम्प्लिफायर, २३० चं सॉकेट

शनिवार, सकाळी १०.
कोथरूडमधल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये खोका उघडला जातो. न्यू जर्सीत जीव लावून वापरलेला, सत्तरच्या दशकातला स्टिरिओ ॲम्प्लिफायर धडधाकट पोचलाय. मागच्या पत्र्यावर छापलंय: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. त्या काळातल्या बऱ्याच मॉडेलांना बाहेरच्या देशांसाठी मागे व्होल्टेज सिलेक्टर असायचा, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्यांना सहसा नसायचा. याला नाही.

११.३०
तापकीर गल्लीतून निरोप येतो: ५०० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर सोमवारी मिळेल. मंडळी मात्र आजच सातला यायचीत, कुमार गंधर्वांच्या रेकॉर्डी ऐकायला.

दुपारी २
तिकडून आणलेला लॅपटॉप छोट्याशा पांढऱ्या ॲडॅप्टरवर चार्ज होतो. पाठोपाठ फोनही. काहीच बिघडत नाही, आणि घात इथूनच सुरू होतो. त्यांच्या चार्जरवर बारीक अक्षरांत १००–२४० लिहिलेलं असतं. या टप्प्यातलं कुठलंही व्होल्टेज तो सांभाळून घेतो. ॲडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो. पण ‘याच्यावर चालतंय की सगळं’ हे घरात पक्कं होऊन बसतं.

४.३०
टर्नटेबल बाहेर निघतो. त्याची सिंक्रोनस मोटरही ६० हर्ट्झचीच. सोमवारच्या ट्रान्सफॉर्मरनेही त्याचं भागलं नसतं, कारण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी आहे तीच राहते. ५० हर्ट्झवर ३३⅓ ची तबकडी मिनिटाला २७.८ फेरे घेते. काळी चारचा षड्ज पांढरी चारच्याही किंचित खाली जातो. कुमारजी असे ऐकायचे नसतात. पुली बदलेपर्यंत शेजारचा टर्नटेबल मागून आणला जातो. हे शहाणपण ॲम्प्लिफायरच्या वाट्याला आलं नाही.

६.४०
ॲम्प्लिफायरची पिन त्याच ॲडॅप्टरमध्ये. स्विच दाबताच आत ‘टिक्’. दिवा लागत नाही. फ्यूज गेला.

माझ्या मते त्या संध्याकाळचा सगळ्यात भाग्याचा क्षण हाच. ॲम्प्लिफायरच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातलं चुंबकत्व व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी या हिशेबाने चढतं. १२० भागिले ६० म्हणजे २. २३० भागिले ५० म्हणजे ४.६. इतकं त्या लोखंडाला पेलत नाही. गाभा भरला की प्रायमरी गुंडाळीला आवर उरत नाही आणि करंट उसळतो. फ्यूजने तो तोडला. आतला एकही ट्रान्झिस्टर अजून गेलेला नाही.

६.५५
“दादा, फ्यूजच उडालाय फक्त. तार टाकू का? मंडळी खाली आलीसुद्धा.”
“टाक. आजच्यापुरती.”
जुन्या वायरीतून तांब्याची एक तार उपसली जाते. ती काचेच्या नळीवरून एका टोपणापासून दुसऱ्यापर्यंत गुंडाळली जाते आणि नळी पुन्हा होल्डरमध्ये बसते. ही तार फ्यूजच्या कितीतरी पट करंट निमूट वाहून नेते.

७.०४
स्विच. हॉलभर घुमणारा जाड हम्म. आतल्या कपॅसिटरांवर एरवी ४२ व्होल्ट असायचे, क्षमता ५० ची. आता ८० च्या दिशेने चढाई. एकाचं झाकण फुगतं, फुटतं, पांढरी वाफ. आऊटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होतात आणि त्यांच्यातून सरळ डीसी डाव्या स्पीकरवर. वूफरचा कोन पुढे फेकला जातो आणि तिथेच अडकतो. कॉइल जळायला लागते. व्हार्निशचा उग्र वास येतो. कुणीतरी प्लगकडे धावतं, तेवढ्यात एमसीबी पडतो.

सोमवार, ११
कारागीर मीटर लावून बघतो. प्रायमरी तुटलेली, डाव्या बाजूचे ट्रान्झिस्टर गेलेले, वूफरची कॉइल काळी. ट्रान्सफॉर्मर रिवाइंड होईल, आणि करायचाच तर २३० वरच करून देतो, म्हणतो. ट्रान्झिस्टरांचा नंबर वाचून मान हलवतो: हे आता बनत नाहीत, जवळचे जोडीदार शोधून बसवावे लागतील, उजव्या बाजूचेही सोबतच काढावे लागतील.

दुपारी स्टेप-डाउन घरी पोचतो.