घरें आधीं, परीक्षा मागाहून

नैनीतालच्या तळ्याकाठचें मैदान एका दरडीच्या मातीनें वाढलेलें आहे, हें तेथें हवा खावयास जाणाऱ्यांच्या ध्यानीं सहसा येत नाहीं. वरच्या शेर-का-डांडा डोंगरावर १८६६ सालच्या सुमारास एक दरड पडली होती. तरीहि वस्ती वाढतच गेली. पाटीच्या ठिसूळ दगडाचा हा उतार किती पाणी सोसील, हें पाहून मग पाया खणावा, अशी रीतच नव्हती.

१८८० च्या सप्टेंबरांत सुमारें चाळीस तास मुसळधार पाऊस कोसळला. १८ तारखेस सकाळीं व्हिक्टोरिया हॉटेलामागें लहानशी दरड आली. गाडलेल्यांना काढावयास माणसें धांवलीं, आणि दुपारीं अवघा उतारच त्यांच्यावर आला. १५१ माणसें गेलीं : १०८ हिंदी, ४३ युरोपीय. पहिल्या दरडीनंतर मदतीऐवजीं पळ काढणारे वांचले असतील. हा विचार मोठा कडू आहे.

मग डोंगरावर नाले बांधले. भूगर्भशास्त्रज्ञ मिडलमिस यांनीं थरांची व उतारांची पाहणी करून १८९० सालीं ती प्रसिद्ध केली. पहिल्या घराआधीं विचारावयाचे प्रश्न असे पन्नास वर्षांनीं विचारले गेले. ते नाले अजून पावसाचें पाणी तळ्यांत उतरवितात.